जागेअभावी

मराठी नियतकालिकाचा कोणताही अंक घ्यावा, त्याच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर बारीक टाइपात एक वाक्य हमखास भेटते. अंकात व्यक्त झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही, अशा अर्थाचे ते वाक्य. वर्गणीचे दर, पत्रव्यवहाराचा पत्ता आणि मुद्रणालयाचे नाव ह्यांच्यामध्ये ते निमूटपणे बसलेले असते. वाचक ते वाचत नाही आणि लेखकाचेही तिकडे लक्ष जात नाही. आम्ही मात्र सहा वर्षे ते स्वतःच्या हाताने मेणकागदावर कोरले आहे. कोरताना आपण नेमके काय म्हणत आहो, हा विचार पहिली दोन वर्षे आमच्या मनाला शिवलाही नव्हता. सगळेच लिहितात, म्हणून आम्हीही लिहीत होतो.

आमचा अंक म्हणजे काही मोठे प्रकरण नव्हते. १९९२ साली उपनगरांतील काही मराठी भाषक कॅथलिक कुटुंबांनी मिळून तो सुरू केला. कुणी वसईहून नोकरीनिमित्त बोरिवलीला येऊन राहिलेले, कुणी अहमदनगर आणि जालना ह्या भागांतून मुलुंड-घाटकोपरला स्थायिक झालेले, तर कुणी अंधेरीच्या गावठाणांतले पिढ्यान्‌पिढ्यांचे रहिवासी. मराठी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात जे बोलणे होई, त्यातले थोडे कागदावर यावे, एवढीच मूळ इच्छा. ज्याने लिहावे त्याने वाचावे, ज्याने वाचावे त्याने कधीतरी लिहावे, आणि अंक चाळीस घरांत फिरावा. वर्गणी एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जमे. त्या डब्याला कुलूप नव्हते आणि हिशेबाची वही आमच्यापैकी ज्याच्या घरी अंक तयार होई त्याच्याकडे असे.

अंक तयार करणे हे मात्र कष्टाचे काम होते. मेणकागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीने एकेक अक्षर कोरायचे. हात जड पडला तर कागद फाटे आणि हलका पडला तर अक्षर उमटतच नसे. चूक झाली की उग्र वासाचा द्रव लावून ती बुजवायची, वाळेपर्यंत फुंकर घालीत बसायचे आणि पुन्हा कोरायचे. सायक्लोस्टाइलचे यंत्र धर्मग्रामाच्या कचेरीतले; गीतांचे कागद ज्याच्यावर निघत तेच. तिथल्या फादरांनी ते आम्हांला शनिवारी रात्री वापरू दिले, आणि अंक आधी दाखवा असे एकदाही म्हटले नाही. त्यांच्या ह्या न मागण्याचे मोल आम्हांला फार उशिरा कळले. एका बांधकाम व्यावसायिकाने एकदा छपाईचा सगळा खर्च उचलण्याची तयारी दाखवली होती. अट एकच, मलपृष्ठावर त्यांचे छायाचित्र. आम्ही नाही म्हटले, आणि त्या नकाराचा अभिमान पुढे बरेच दिवस मिरवला. पैशाला नकार देणे तुलनेने सोपे असते, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नव्हते.

१९९४ च्या पावसाळ्यात आमच्याकडे एक लेख आला. लेख कसला, निवेदनच ते. लिहिणाऱ्या भगिनी आमच्याच चाळीस घरांतल्या. त्यांचे पती निवर्तल्यानंतर गावठाणातल्या घरातला त्यांचा हिस्सा दिराने कसा हळूहळू आपल्याकडे घेतला, आधी ओसरीवरची खोली, मग मागची पडवी, मग कागदांवरची सही, हे त्यांनी चार फुलस्केप पानांत लिहिले होते. कुठे आक्रस्ताळेपणा नव्हता, शिव्याशाप नव्हते. दिराचे नावही नव्हते. ‘आमच्या घरातील वडीलधारी व्यक्ती’ असा उल्लेख होता. आमच्या माहितीप्रमाणे लिहिलेले सर्व खरे होते. अडचण अशी, की ते दीरही आमच्या चाळीस घरांतलेच. त्याच अंकासाठी त्यांची मरियामातेवरची एक कविता आलेली होती आणि ती चांगली होती.

मोठ्या वर्तमानपत्रात नाव गाळले की माणूस खरोखर झाकला जातो. चाळीस घरांच्या अंकात नाव गाळणे म्हणजे छायाचित्र छापून खाली नाव न लिहिणे. हा लहानपणाचा विशेष बाहेरून दिसत नाही. लहान मंडळ म्हणजे जिव्हाळा, आपुलकी आणि मोकळे बोलणे, असे सगळे समजतात. ते खरेही आहे. परंतु जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे शब्द हवेत विरत नाही. तो कुणाच्या तरी उंबऱ्यावर जाऊन पडतोच.

आम्ही चौघे अंकाचे काम पाहत होतो. दोन रविवार वाद झाला. दोघांचे म्हणणे असे, की ह्या बाईंना दुसरी जागा कोणती? न्यायालयाचा खर्च त्यांना झेपणारा नाही, नातेवाइकांनी कानांवर हात ठेवलेले. ज्या अंकात आपण ‘सर्वांनी मोकळेपणाने लिहावे’ असे दर वेळी छापतो तिथेही दार लागले तर ते आवाहन खोटे ठरते. उरलेल्या दोघांचे म्हणणे, की तो गृहस्थही आपलाच आहे, त्याची बाजू आपण ऐकलेली नाही, आणि एकदा छापलेले पुसता येत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील १८व्या अध्यायाचा दाखला ह्याच दोघांनी दिला. बंधूचा अपराध आधी त्याला एकट्याला गाठून सांगावा, न ऐकल्यास एकदोघांना सोबत न्यावे, आणि मगच मंडळीपुढे मांडावा, असा तो क्रम आहे. छापणे म्हणजे थेट तिसऱ्या पायरीवर उडी. दुसऱ्या बाजूचे उत्तरही तयार होते: बाईंनी पहिल्या दोन्ही पायऱ्या केव्हाच चढून झाल्या आहेत, आपणच त्या वेळी घरात नव्हतो.

दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या असे आम्ही आजही मानतो. ह्या वादातून बाहेर पडण्यासाठी आम्ही जे केले ते मात्र प्रामाणिक नव्हते. लेख न छापण्याचे ठरले आणि बाईंना चिठ्ठी गेली: ‘आपला लेख जागेअभावी ह्या अंकात घेता आला नाही.’ पुढच्या अंकातही जागा झाली नाही. तिसऱ्या अंकापर्यंत कुणी विषय काढला नाही. नाताळच्या सुमारास त्या चर्चच्या पायऱ्यांवर भेटल्या, विचारपूस झाली, आणि जाता जाता अगदी सहज म्हणाल्या, “पानं कमी होती तर सांगायचं होतंत, मी लेख अर्धा करून दिला असता.”

त्यांनी आमचे खोटे खरे मानून चालवले होते की आम्हांला उघडे पाडले होते, हे आम्हांला आजतागायत सांगता येणार नाही. त्यानंतर त्यांनी काही लिहून पाठवले नाही. वर्गणी मात्र वेळेवर येत राहिली.

त्या काळात अंकाच्या प्रती पोहोचवण्याचे कामही आम्हीच करीत असू. अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ साली सुरू झाली. तोवर पश्चिम रेल्वेवरची माणसे आणि मध्य रेल्वेवरची माणसे ह्यांना जोडणारा मार्ग म्हणजे एक तर दादरला गाडी बदलणे, नाही तर अंधेरी पूर्वेला स्टेशनाबाहेर आगरकर चौकात घाटकोपरच्या बसची वाट पाहणे. अंकांचे गाठोडे काखेत धरून त्या चौकात उभे असताना चौकाला ज्यांचे नाव आहे त्यांची आठवण आम्हांला क्वचितच झाली. वास्तविक आमच्या पेचात त्यांचीच आठवण सर्वांत आधी व्हायला हवी होती.

१८८१ साली ‘केसरी’ निघाला तेव्हा गोपाळ गणेश आगरकर त्याचे संपादक होते. लवकरच ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ह्या दोन्ही पत्रांनी कोल्हापूरचे दिवाण बर्वे ह्यांच्यावर आरोप केले, की तेथील अल्पवयीन छत्रपतींचा ते छळ करीत आहेत. ज्या पत्रांच्या आधारे हे आरोप केले ती खरी आहेत असा संपादकांचा विश्वास होता. खटला उभा राहिला आणि पत्रे बनावट निघाली. आगरकर आणि टिळक ह्या दोघांनी माफी मागितली, तरीही १८८२ साली दोघांना शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले. ह्या प्रकरणाकडे देशभक्तीचा अध्याय म्हणून पाहण्याची आपली रीत आहे. आम्हांला त्यात दुसरेच काही दिसते. ज्यांच्या दुःखाचा त्यांनी कैवार घेतला ते दुःख खरे वाटावे असेच होते. हेतू निर्मळ होता. तरी छापलेले खोटे निघाले, आणि एका माणसाच्या नावाला जो डाग लागायचा तो लागला. तेव्हा ‘ह्या मतांशी आम्ही सहमत असूच असे नाही’ असे म्हणण्याची सोय त्यांना नव्हती, आणि असती तरी त्यांनी ती वापरली असती असे वाटत नाही. जे छापले ते आमचे, ही त्यांची भूमिका.

पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर आगरकरांचे आपल्या सहकाऱ्यांशी पटेनासे झाले. १८८७ साली त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढला. एकाच दाराला दोन राखणदार, आणि आत कुणाला घ्यावे ह्यावर त्यांचे एकमत नाही. मग एकाने दुसरे घर बांधले. ह्यात कटुता होती, पण फसवणूक नव्हती.

दार लावून घेण्याचा प्रश्न १९२० साली फार कठोर रूपात समोर आला. त्या वर्षी ३१ जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत ‘मूकनायक’ सुरू केला तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला. प्रत्येक घराला आपले दार लावण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व म्हणून मान्य करावे तर ही गोष्ट घशाशी अडते. अधिकार असणे आणि तो वापरणे न्याय्य असणे ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढे तरी तिच्यातून कळते. ज्यांना कोणत्याच घरात बोलू दिले जात नाही, त्यांना आणखी एका दाराने ‘आमची मर्जी’ म्हणणे म्हणजे फक्त एक दार लागणे नव्हे.

आमच्या बाईंच्या बाबतीत आम्ही हा विचार केला होता काय? केला नव्हता. आम्ही दोन माणसे समसमान तागडीत घातली आणि आपण निःपक्षपाती आहो असे समाधान मानले. कॅथलिक नीतिशिक्षणात एक सूक्ष्म भेद सांगितलेला आहे आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही तो आहे: खोटे सांगून कुणाचे नाव घालवणे हा एक दोष, आणि एखाद्याचा खराच अपराध योग्य कारणाशिवाय, तो ठाऊक नसलेल्यांपुढे उघडा करणे हा दुसरा. म्हणजे, ‘खरे आहे म्हणून छापले’ एवढे म्हणून सुटका होत नाही. हा भेद आम्ही त्या वेळी मोठ्या समाधानाने वापरला. परंतु त्यातला ‘योग्य कारणाशिवाय’ हा शब्दप्रयोग आम्ही घाईत ओलांडून गेलो. ज्याची वस्तू गेली आहे त्याने ती गेली म्हणून सांगणे, ह्याहून योग्य कारण दुसरे कोणते असते? पुढे केव्हातरी आम्ही जुनी वही काढून, सहा वर्षांत कोणाकोणाचे लिखाण नाकारले ते पाहिले. ज्यांच्या नाराजीची आम्हांला धास्ती होती त्यांचे फारसे काही नाकारलेले नव्हते. बहुतेक नकार ज्यांना मिळाले होते ती माणसे रागावली तरी मंडळाचे काही बिघडणार नव्हते. तोल आम्ही राखला होता. तराजूच आधीपासून कलता होता.

कायदा ह्या बाबतीत स्पष्ट असतो. १८६७ च्या कायद्याने छापील पत्राला मुद्रक आणि प्रकाशक कोण हे जाहीर करावे लागे. संपादकाचे नावही प्रत्येक अंकावर द्यावे लागे. २०२३ साली त्या कायद्याची जागा नव्याने घेतली आणि तो २०२४ च्या मार्चपासून अमलात आला. कायद्याला माणूस हवा असतो, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल असा. आमच्या चाळीस घरांच्या अंकाला असा कुणी नव्हता. मालक कोण, असे कुणी विचारले तर आम्ही अभिमानाने ‘सगळेच’ म्हणत असू. परंतु ज्या रात्री ‘जागेअभावी’ ही चिठ्ठी लिहिली गेली, त्या रात्री ती आमच्यापैकी कोणा एकाने लिहिलेली नव्हती. ‘मंडळा’ने लिहिली होती. चिठ्ठीखाली कुणाचीही सही नव्हती. सर्वांच्या मालकीच्या जागेत जबाबदारी अशी हातोहात सरकत जाते आणि शेवटी कुणाच्याच हातात उरत नाही. ह्या लेखात आम्ही ‘आम्ही’ म्हणत आहो, तेही तपासून पाहण्यासारखे आहे.

‘सत्यकथे’ची इथे आठवण होते. त्या मासिकाकडून साहित्य परत येणे हा मराठी लेखकांचा नेहमीचा अनुभव होता. पण परत येणाऱ्या लिखाणासोबत अनेकदा पत्र असे. राम पटवर्धनांसारखे संपादक लेखकाला काय खटकले ते सविस्तर लिहीत. तरीही रोष साठत गेला आणि १९६९ साली लघुनियतकालिकांतल्या तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. त्याच्या कितीतरी आधी, १९५४ साली, ‘शब्द’सारखे सायक्लोस्टाइल केलेले अनियतकालिक मुंबईत निघालेच होते. होळी करणाऱ्यांचा राग आम्ही समजू शकतो. मात्र एक गोष्ट त्यांच्या वाट्याला आली होती: त्यांना नाही म्हणणारी माणसे समोर होती, त्यांची नावे होती, पत्ता होता. आमच्या भगिनींना जाळायला सुद्धा काही मिळाले नाही. मिळाली ती एक सभ्य, निनावी चिठ्ठी.

मग करायला काय हवे होते? आम्हांला वाटते, लेख घेऊन आधी त्यांच्या घरी जायला हवे होते. ‘आम्हांला हे छापायची भीती वाटते’ असे तोंडाने म्हणायला हवे होते. त्यांची हरकत नसती तर तो लेख दिरांनाही दाखवून, तुमचे म्हणणे लिहून द्या, दोन्ही शेजारीशेजारी छापू, असे सांगता आले असते. ह्यावर आमच्यातल्या एकाचा आक्षेप आजही कायम आहे: तसे केले असते तर छापण्याआधीच घरात बाईंवर दडपण आले असते, आणि आम्ही निष्पक्षपणाच्या नावाखाली त्यांना आणखी एकटे पाडले असते. ह्या आक्षेपाला आमच्याकडे पुरे उत्तर नाही. कदाचित न छापण्याचा निर्णय बरोबरही असेल. परंतु योग्य नकारही ज्याला द्यायचा त्याच्यासमोर बसून द्यावा लागतो, आणि ते आम्हांला जमले नाही. पाहुण्याला दारातून परत पाठवायचे असेल तर निदान यजमानाने दारापर्यंत यावे. आम्ही आतूनच ‘घरी कुणी नाही’ म्हणून सांगितले.

१९९८ साली आम्ही अंक बंद करण्याचे ठरवले. एकाची बदली झाली, एकाच्या डोळ्यांनी दगा दिला, मेणकागद मिळेनासे झाले होते. अशी लहान कामे बंद पडतात तेव्हा वाचकांना नवल वाटते, कारण पावसासारखा अंक आपोआप येतो अशी सर्वांची समजूत झालेली असते. ‘बहिष्कृत भारत’ चालवताना आंबेडकरांनी स्तंभच्या स्तंभ एकट्याने लिहून भरले, आणि ह्या पत्राचे ऋण हे सगळ्या समाजाचे ऋण नव्हे काय, असे वाचकांना विचारले होते. आमची योग्यता तेवढी नव्हती आणि विचारायचा धीरही नव्हता. मुकुंदराव पाटलांनी नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ‘दीनमित्र’ १९६७ पर्यंत चालवला, ह्याचे आम्हांला त्या दिवसांत राहून राहून आश्चर्य वाटे. टिकते ते कशाच्या बळावर टिकते, सांगता येत नाही. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ आणि १६५४ असे तीन वेळा छापले गेले, आणि त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ते उरले ते ज्यांनी हाताने उतरून घेतले त्यांच्यामुळे. १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले तेही अशाच हस्तलिखितांवरून. ज्यांनी ती उतरून घेतली त्या माणसांना कुणी नेमले नव्हते आणि कुणी पगारही दिला नव्हता.

बंद करताना एक काम उरले होते. न छापलेली सर्व हस्तलिखिते ज्याची त्याला परत करायची. इतरांची आम्ही मिस्सानंतर हातोहात दिली. ते चार फुलस्केप कागद घेऊन मात्र आम्ही चौघेही गावठाणातल्या त्या घरी गेलो. त्यांच्याकडे तोवर एकच खोली उरली होती. आम्ही कागद पुढे केले आणि जागेची अडचण नव्हती, आम्हांला धीर झाला नाही, असे सांगितले. सांगायला चार वर्षे लागली होती. त्यांनी कागद घेतले, न उघडता कपाटात ठेवले आणि चहा केला. चहा घेताना त्यांनी विचारले, “मग आता अंक कोण काढणार?” आम्ही गप्प राहिलो. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “उरलेला कागद आणि ती पत्त्यांची वही माझ्याकडे पाठवून द्या.”

त्या नाताळात अंक निघाला. गावठाणातल्या दोन मुलांनी सुवाच्य अक्षरात लिहिला होता आणि स्टेशनाजवळच्या दुकानातून त्याच्या झेरॉक्स प्रती काढल्या होत्या. शेवटच्या पानावर संपादकांच्या सहमतीबद्दलचे ते वाक्य नव्हते. त्या जागी त्यांचे स्वतःचे नाव आणि घराचा पत्ता होता. दिरांची एक कविता आतल्या पानावर होती. तो चार पानांचा लेख अंकात नव्हता, आणि त्यानंतरच्या कोणत्याही अंकात आला नाही. का, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे असे आम्हांला कधी वाटले नाही.